देवकुळ्यांचा सवाल

शालूबाईंनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच शलमोन अण्णांनी ओळखलं की आज सणाच्या पंगतीआधी भांडणाची पंगत बसणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांच्या या थोरल्या बहिणीनं चहा दोनदाच नाकारला होता. एकदा स्वतःच्या लग्नात, लाजून. आणि एकदा आबांची वही नदीत गेली त्या दिवशी, रागानं. आज ती काही लाजलेली दिसत नव्हती.

"आक्का, आलं घातलंय बरं का," रूथबाई नणंदेपुढं कपबशी धरत म्हणाल्या.

"घाल की. आलं घाल, वेलदोडा घाल. घशाखाली उतरायला मन लागतं, रूथ."

रूथबाईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि कपबशी त्याच्यापुढं ठेवून दिली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या एवढं शिकल्या होत्या, की देवकुळे भाऊबहिणींचं भांडण पेटलं की चहा वाया घालवायचा नाही.

ओसरीवर यशराज स्ट्रॉबेरीचे खोके उतरवत होता. पाचगणीच्या त्याच्या दोन एकरांतलं पीक. कापणीच्या सणाला पिकातला पहिला वाटा वेदीपुढं ठेवायचा, म्हणून पहाटेच निघून तो बेलवंड्याला आला होता. शालूबाईंनी त्याच्याकडं बोट केलं.

"हा बघ. तुझ्या पोटचा पोरगा. ह्याला सोडून कीर्तनाचं उपरणं त्या ज्ञानूच्या पोरीच्या कमरेला बांधणार तू?"

"आत्या, मला गाता येत न्हाई," यशराज खोक्यामागून म्हणाला.

"शिकशील."

"एकोणचाळीस वर्सांचा हाय मी."

"मोशे ऐंशीचा हुता, तवा देवानं बोलावला त्याला."

"मोशे बी अडखळत बोलायचा, आत्या. त्याच्या वतीनं त्याचा भाऊ बोलायचा. मला भाऊ कुटं हाय?"

"तेच म्हणते मी! अण्णाला हाय भाऊ, आणि काय दिवं लावलं त्यानं?" शालूबाई पदर खोचून सरसावून बसल्या. "शलमोन, तुझा घसा बसला, डाक्टरनं गायचं बंद केलं, समदं खरं. पण ज्यानं आबांची वही कृष्णेत बुडवली, त्याच्या पोरीच्या तोंडनं आबांचं कीर्तन ऐकायचं? डाग हाय त्या घराला. मी काय हे आज म्हणत न्हाई, अठ्ठेचाळीस वर्सं म्हणतीय."

अण्णांनी कपबशी बाजूला सारली.

डाग होता, यात वादच नव्हता. कुठल्या अंगावर होता, ते मात्र या घरात फक्त त्यांना एकट्यांना ठाऊक होतं.

आबा, म्हणजे त्यांचे वडील याकोब मास्तर, बेलवंड्याच्या चर्चमध्ये दरवर्षी कापणीच्या सणाला कीर्तन करायचे. धोतर, कोट, कमरेला उपरणं, हातात झांज. त्या वर्षी त्यांनी 'निष्कलंक कोकरा'चं आख्यान नवं रचलं होतं, आणि शेवटच्या अभंगाचं शेवटचं कडवं तर सणाच्या आदल्याच आठवड्यात, पहाटे, अजून मंडळीला म्हणून दाखवायच्या आत वहीत उतरवलं होतं. शलमोन तेव्हा बावीसचा. डोक्यात एकच खूळ, की कीर्तनकार व्हायचं. आबा शाळेत गेलेले बघून त्यानं वही उचलली, नदीवर गेला, बांधून ठेवलेल्या नावेवर चढला आणि समोरच्या उसाला मंडळी समजून गाऊ लागला. गाता गाता रंगात आला. आबा पसरायचे तसे दोन्ही हात पसरले. आणि काखेतली वही डुबकन् पाण्यात.

त्याला पोहता येत नव्हतं. तो नुसता बघत राहिला.

घरी आला तर आबा वही शोधत होते. आणि दारात सतरा वर्षांचा धाकटा भाऊ ज्ञानू उभा, नखशिखांत ओला. आबांनी ओल्या पोराकडं बघितलं आणि निवाडा झाला. "नदीवर नेलीस व्हय रं वही? तुझ्या हातात आता मृदंग दिसला तर याद राख!" ज्ञानू मृदंग असा वाजवायचा की म्हाताऱ्या माणसांचेही पाय हलायचे. तो काही बोलला नाही. आणि कोरडा ठणठणीत शलमोन, तोही काही बोलला नाही.

आबांनी सगळं आख्यान आठवून आठवून पुन्हा लिहिलं. तेवढं शेवटचं कडवं काही त्यांना परत सुचलं नाही. "देवानं दिलं हुतं, देवानं न्हेलं," म्हणायचे. वर्षभरात ज्ञानू कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत कामाला लागला. लग्नाकार्याला यायचा, मयताला यायचा. शलमोनच्या पहिल्या कीर्तनानंतर मात्र कीर्तनाला कधी आला नाही.

"आक्का," अण्णा घसा खाकरून म्हणाले, "संयोगिता आज उभी राहणार. मी शब्द दिलाय तिला."

"मग माझा बी शब्द ऐक. सवालाच्या वेळी मी हात वर करणार. समद्यांसमोर इचारणार, का वही कुणी बुडवली म्हणून."

यशराजनं हातातला खोका अलगद खाली ठेवला. रूथबाईंनी कपाळाला हात लावला. आणि अण्णांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला, औषधासारखा.

*

बाराच्या एसटीनं ज्ञानू आणि संयोगिता उतरले. ज्ञानूच्या डोक्यावर कानटोपी, हातात कोयनेच्या जंगलातल्या मधाची बाटली. एकोणतीस वर्षांची संयोगिता पाटणच्या शाळेत शिकवायची. दिवाळीत तिनं वसाहतीतल्या प्रार्थनाघरात एक छोटं कीर्तन केलं, ते कुणीतरी मोबाइलवर पाठवलं, आणि अण्णांनी ते सलग अकरा वेळा बघितलं. बाराव्या वेळी रूथबाईंनी मोबाइल काढून घेतला आणि म्हणाल्या, "आवं, बघत काय बसलाय? फोन करा की पोरीला."

"सलाम, दादा," ज्ञानू म्हणाला.

"सलाम. गर्दी होती का?"

"कराडपतूर हुती."

संपलं. दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडचं काहीतरी बघत उभे राहिले. अखेर रूथबाईंनीच मधाची बाटली हातातून घेतली आणि दिराला आत ढकललं. "चला, भाकरी गार व्हायल्यात. उभ्या उभ्या काय बोलताय, पाव्हण्यांगत."

जेवणं झाल्यावर चर्चमध्ये तालीम झाली. पेटीवर सिकंदरभाई. त्यांचा पेट्या दुरुस्त करायचा पिढीजात धंदा मिरजेत. आणि बेलवंड्याच्या कीर्तनाला पेटीची साथ करायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. आज त्यांनी पेटीचं पोट उघडून ठेवलं होतं आणि ते एकेक सूर कानाशी धरून घासत होते. मृदंगावर गुंडा नावाचा गडी, ज्याचा हात भक्कम होता आणि ताल थोडा पुढं धावायचा.

"अण्णा, एक विचारू?" संयोगिता झांजेची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली. "पूर्वरंगात मी अडकतेय. प्रभू निष्पाप होता, हे मी मानते. गाते. पण शाळेत एका मुलीनं मला विचारलं, की मॅडम, ज्यानं कधी पापच केलं नाही त्याला आमच्यासारख्यांचं दुखणं काय कळणार? मला उत्तर देता आलं नाही."

अण्णांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं प्रवचनं केलेला माणूस, उत्तरं खिशात असायची. आज खिसा रिकामा निघाला. निष्पाप हा शब्द आज त्यांच्या जिभेवर बसेना.

"मी सांगू का, पोरी?" सिकंदरभाई पेटीतून मान वर न करता म्हणाले. "तुमच्या शास्त्रातलं मला न्हाई कळत. माझ्या धंद्यातलं सांगतो. ही पेटी बेसूर हाय. हिला कळतंय का, का आपण बेसूर हाय? न्हाई. ती बिनघोर वाजती. ह्या गुंडालाबी कळत न्हाई."

"आवं, मला कशाला मधी घेताय!" गुंडा म्हणाला.

"बेसूर कुणाला टोचतं? ज्याचा कान सच्चा हाय त्याला. आणि दुरुस्त बी तोच करतो. खोट्या सुरावरनं खोटा सूर लागत न्हाई, बाई. एक तरी सूर खरा लागतो, मग बाकीचे त्याच्यावरनं लागत्यात."

संयोगिताचे डोळे मोठे झाले. "सिकंदरचाचा, हे मी कीर्तनात घेऊ?"

"घे की. पण नाव सांगू नगं, न्हाईतर समदी मिरज माझ्याकडं प्रवचन मागायला येईल."

हसणं झालं. ज्ञानू मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि गुंडा वाजवत असताना त्याची बोटं मांडीवर हळूच चालत होती, गुंडाच्या जरा मागून, ताल जिथं असायला हवा तिथं. अण्णांनी ते पाहिलं. लगेच छताकडं पाहिलं.

बाहेर येताना त्यांनी भावाला गाठायचा यत्न केला. "ज्ञानू, मला तुझ्याशी जरा..."

"दादा, उपरणं इस्तरी केलंयस का? पोरीला चुण्या चालत न्हाईत," ज्ञानू म्हणाला आणि पुढं चालू लागला.

*

चार वाजता चर्च भरलं. वेदीपुढं ज्वारीची कणसं, हळदीचे गड्डे, गुळाच्या ढेपा, ऊस, एका म्हातारीनं आणलेली गाभण शेळी आणि यशराजच्या लालचुटुक स्ट्रॉबेऱ्या. शेळीचा डोळा स्ट्रॉबेऱ्यांवर होता आणि यशराजचा डोळा शेळीवर. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, वाटे अर्पण झाले, आणि मग सगळे ज्याची वाट बघत होते ते आलं. देवकुळ्यांचा सवाल.

ही रीत आबांनी घातलेली. प्रभूनं भर मंदिरात वैऱ्यांना विचारलं होतं, माझं पाप कोण दाखवून देतो? आणि कुणालाही काही दाखवता आलं नव्हतं. आबा म्हणायचे, "आपण त्याचं कीर्तन करतो आणि लोकं आपल्यालाच हार घालत्यात. गाणारा आणि ज्याचं गाणं हाय तो, ह्यांच्यात गल्लत नको." म्हणून देवकुळे घरातला कीर्तनकार उभा राहिला की आधी मंडळीला तोच प्रश्न विचारणार. मंडळीनं त्याची एक तरी चूक बोलून दाखवायची. त्यानं 'खरं आहे' म्हणायचं. मगच हार, मगच झांज. कुणीच बोललं नाही तर कीर्तन नाही.

आज उपरणं एका कमरेवरून दुसरीवर जायचं होतं, तेव्हा सवाल दोघांनीही विचारायचा होता. आधी अण्णांनी, शेवटचा.

ते पुढं आले. कोट, धोतर, हातात आबांचं उपरणं. बसक्या आवाजात म्हणाले, "प्रभूनं विचारलं, तेव्हा एक बोट उठलं नाही. आता मी विचारतो. तुमच्यातलं कोण माझं पाप दाखवून देतं?"

गुंडाचा हात आधी. "डाक्टरनं गोड बंद केलंय, तरी अण्णा आत्ताच अर्पणातल्या ढेपेचा खडा तोंडात टाकताना मी बघितलंय!"

"खरं आहे," अण्णा म्हणाले. हशा.

"मास्तर हुतासा तवा परीक्षेला माझ्या पोराला एका मार्कानं नापास केलावता," मागून लालासाहेब ओरडले. "एकोणीसशे नव्वदला!"

"खरं आहे. दोन मार्कांनी करायला हवा होता."

पुन्हा हशा. चाळीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. लोक अण्णांना मान द्यायचे, म्हणून चुकाही मऊ मऊ, भिजवलेल्या डाळीसारख्या निवडून आणायचे. आणि अण्णा त्या मऊ चुकांमागं आरामात बसून राहायचे.

मग शालूबाईंचा हात वर गेला. "मला ह्याचं पाप न्हाई सांगायचं. माझा भाऊ सोन्यासारखा हाय. मला येगळंच इचारायचंय. उपरणं ज्या घरात चाललंय..."

अण्णांनी मागच्या बाकाकडं पाहिलं. चाळीस वर्षांत या जागेवरून प्रथमच सरळ पाहिलं. ज्ञानू शांत बसला होता. हात मांडीवर. तो हात वर येईल, असं अण्णांना क्षणभर वाटलं. यावा, असंही वाटलं. आला असता तर 'खरं आहे' एवढंच म्हणून सुटता आलं असतं. तो आला नाही. पलीकडं संयोगिता उभी होती. मोरपंखी नऊवारी, कपाळावर घाम, आत्या काय बोलणार ते कळून चुकल्यासारखा चेहरा.

"आक्का, थांब," अण्णा म्हणाले. "वही मी बुडवली."

शालूबाईंचा हात वरच राहिला.

"मी बुडवली. आबांना न विचारता नेली. नावेवर उभा राहिलो आणि कीर्तनकारासारखे हात पसरले." त्यांनी हात पसरून दाखवले, आबांचं उपरणं एका हाताला लोंबत होतं. "अस्से. आणि वही गेली. मी कोरडा होतो, ज्ञानू ओला होता, आबांनी ओल्याला धरलं, आणि मी गप्प बसलो. चाळीस वर्षं ह्या जागेवर उभं राहून तुम्हाला पाप सोडायला सांगितलं, आणि स्वतःचं भावाच्या अंगावर टाकून मोकळा फिरलो. डाग त्या घराला नाही. ह्या घराला आहे. इथं." त्यांनी छातीला हात लावला. "ज्ञानू, मला क्षमा कर."

कुणी हसलं नाही. शेळीनं तेवढी एक स्ट्रॉबेरी उचलली.

ज्ञानू उठला. कानटोपी काढून खिशात घातली. "मला ठावं हाय, दादा," तो म्हणाला. "त्याच दिवसापासनं."

"काय?"

"मी खालच्या अंगाला पवत हुतो की. तू उसाला कीर्तन सांगत हुतास ते ऐकतच हुतो. लय वाईट गात हुतास. वही पडली तशी मी सूर मारला. पर धार जोरात हुती, हाताला लागून गेली. कपडे त्यामुळं भिजले माझे. न्हाईतर मी काय कपड्यासकट पवतो व्हय?"

"मग बोलला का नाहीस रे!" अण्णांचा आवाज फुटला. "आणि कीर्तनाला यायचं सोडलंस..."

"आलो हुतो की. तुझ्या पहिल्या कीर्तनाला, हितं मागंच बसलो हुतो. मी दिसलो तसा तू छताकडं बघून गायलास. आख्खं कीर्तन छताकडं! म्हणलं, बिचाऱ्याची मान मोडंल. म्हणून येईना झालो."

आता मात्र चर्च हसलं. पाळकसाहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. शालूबाईंचा हात कधीतरी खाली आला होता आणि त्याच हातानं त्या डोळे पुसत होत्या. "ज्ञाना, माझ्या लेकरा," त्या म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस वर्सं मी तुला घालूनपाडून बोलले. आणि तू दुसऱ्याचं पाप अंगावर घिऊन गप बसलास. अगदी प्रभूसारखा गं बाई!"

"अय आक्का, तसलं काय बोलू नगं!" ज्ञानू खरोखर दचकला. "मला त्याच्या पंगतीला बसवू नगं. पाया पडतो. मी गप बसलो ते काय प्रेमानं न्हाई. पहिल्या दिवशी प्रेमानं, खरं हाय. म्हणलं, दादाला कीर्तनकार व्हायचंय, आबा त्याला हाकलतील. पर दुसऱ्या दिवसापासनं रागानं. आबांनी मृदंग काढून घेतला, म्हणून मी बी त्यांच्याकडनं काढून घेतलं."

"काय काढून घेतलंस?"

ज्ञानूनं मान खाली घातली. पासष्ट वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा दिसू लागला. "कडवं. आबांनी पहाटे रचलं, तवा मी ताल धरून बसलो हुतो. मला पाठ हुतं. आबांनी इचारलं तवा म्हणलं, न्हाई आठवत. आबा महिनाभर आठवत बसले, ओसरीवर फेऱ्या मारायचे. मला एक शब्द सांगितला असता तर गाडी सुटली असती त्यांची. न्हाई सांगितला. आबा गेले तरी न्हाई सांगितला. तू वही बुडवलीस, दादा. मी कडवं बुडवलं."

पहिल्यांदा हात वर केला तो संयोगितानं. "मी सांगते! त्यांनी मला ते पाळण्यात म्हणायला शिकवलं आणि वर शपथ घातली, की बेलवंड्यात म्हणायचं नाही. आज बारा वाजेपर्यंत, एसटीतसुद्धा, तीच शपथ चालू होती."

"खरं हाय," ज्ञानू म्हणाला. आणि हसत हसत रडला.

अण्णा वेदीपासून मागच्या बाकापर्यंत कसे गेले ते त्यांनाही कळलं नाही. गुडघे दुखत होते एवढं आठवतं. दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. यशराज त्यांना सावरायला धावला, आणि तेवढ्यात शेळीनं दुसरा खोका पाडला.

*

मग रीतीप्रमाणं संयोगिता उभी राहिली. तिनं सवाल विचारला आणि शालूबाईंनी लगेच हात वर केला.

"मगाशी मी हिला लांबनं बघून मान फिरवली," त्या म्हणाल्या, "तर हिनं बी मान फिरवली! थोरल्या आत्याला सलाम केला न्हाई!"

"खरं आहे, आत्या," संयोगिता म्हणाली आणि खाली उतरून सलाम करून आली. अण्णांनी आबांचं उपरणं तिच्या कमरेला बांधलं. गाठ दोनदा ओढून बघितली, पक्की बसली होती. सिकंदरभाईंनी पेटीचा भाता ओढला, आणि पहिला सूर असा स्वच्छ निघाला की त्यांनी स्वतःच मान डोलावली. मग त्यांनी गुंडाच्या मांडीवर एक चापट मारली.

"काय?" गुंडा म्हणाला.

"ऊठ की. मृदंगाचा मालक आलाय."

ज्ञानू बसला. अठ्ठेचाळीस वर्षांत मृदंगाला हात न लावलेला माणूस. पहिली थाप जरा चाचरत आली. दुसरी आली, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे पाय हलू लागले.

काय कीर्तन झालं ते! अण्णा खाली मंडळीत बसून ऐकत होते, आणि ऐकण्यात एवढं सुख असतं हे गाणाऱ्याला कधी कळत नाही.

"देवानं विचारलं, फळ का खाल्लंस?" संयोगितानं झांज वाजवली. "आदाम म्हणाला, हिनं दिलं. बोट हव्वेकडं. हव्वा म्हणाली, सापानं फसवलं. बोट सापाकडं. साप बिचारा! त्याला बोटच नव्हतं, नाहीतर त्यानंही कुणाकडं तरी दाखवलं असतं!" मंडळी खदखदली. "मंडळी, फळ खाणं हे पाप खरंच, पण ते बोट? आपल्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं आणि आपण कोरं दिसायचं, ही आपली सगळ्यांची जुनी हौस. ते बोट फिरत फिरत चाललं. या घरातून त्या घरात, बापाकडून लेकाकडं. आणि शेवटी सगळी बोटं मिळून एकाकडं वळली. त्याच्या अंगावर काही नव्हतं. त्यानं विचारलं होतं, दाखवा. कुणाला दाखवता आलं नव्हतं. तरी त्यानं बोटं परतवली नाहीत. म्हणाला नाही, की हे याचं आहे, ते तिचं आहे. त्याचा कान सच्चा, म्हणून आपला बेसूर त्यालाच सगळ्यात जास्त टोचला. आणि सूर लावून द्यायला तोच आपल्यात येऊन बसला."

पेटीमागं सिकंदरभाईंनी डोळे मिटले होते.

शेवटी आबांचा अभंग आला. पहिलं कडवं गावाला पाठ होतं, सगळ्यांनीच उचललं.

*माझिया अंगाला । शोधाया लागलो ।*
*शोधता भागलो । कोरी जागा ॥*

यानंतर इतकी वर्षं अण्णांनी स्वतः जुळवलेलं एक कडवं यायचं. पापं सोडावीत, मनं जोडावीत, असलं काहीतरी. शाळेच्या भिंतीवर शोभेल असं. आज संयोगिता थांबली. वडिलांकडं पाहिलं. ज्ञानूनं मृदंगावर एक हलकी थाप दिली, पहाटे बापाशेजारी बसून द्यायचा तशी, आणि ती गायली:

*तुझिया अंगाला । शोधिला मी डाग ।*
*पोचला तो माग । माझ्या हाता ॥*

ती पुन्हा गायली, आणि तिसऱ्या वेळी मंडळीनं सूर धरला. अण्णांनी आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले. सुरकुतलेले, खडूनं झिजलेले, एकदा नावेवर पसरलेले. हातांवर पाणी पडलं तेव्हा त्यांना कळलं की आपण रडतो आहोत. आणि आज ते छताकडं बघत नव्हते. समोर ज्ञानू वाजवत होता. मान डोलावत, दात काढून हसत, थोरल्या भावाच्या डोळ्यांत बघत.

"आबा," अण्णा पुटपुटले, "सापडलं बरं का."

आरती झाली, आशीर्वाद झाला. उरलेल्या स्ट्रॉबेऱ्या वाटायच्या तेवढ्या वाटल्या. शेळीनं आपला वाटा आधीच घेतला होता. ओसरीवर सगळे एकदम बोलत होते. ज्ञानू गुंडाला ताल कुठं धावतो ते मांडीवर वाजवून दाखवत होता. सिकंदरभाई संयोगिताला "माझं नाव घेतलं न्हाईस न्हवं?" म्हणून विचारत होते, आणि न घेतल्याबद्दल थोडे हिरमुसलेही होते.

शालूबाई उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. दोन्ही भावांकडं त्या बघत होत्या. मग आत हाक मारली.

"रूथ! अगं, तो सकाळचा चहा राहिलाय माझा."

"टाकलाय, आक्का," आतून आवाज आला. "केवाच टाकलाय."

"आलं घाल. आणि दोन कप आण." त्यांनी शेजारची जागा पदरानं झाडली. "ज्ञाना, हितं ये. माझ्यापाशी बस."